तार तापत नाही, जोड तापतो

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. परंडा तालुक्यात सीना नदीकाठच्या एका गावी ग्रामसभेला गेलो होतो. माती परीक्षणावर बोलून झाले, सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर बोलून झाले. उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागच्या बाजूला बसलेले एक आण्णा म्हणाले, “साहेब, एक इचारू का? तिकडं फ्रान्सात सूर्य तयार करायलेत म्हणं. आन् त्याची लाईट ज्या तारंतून जाती ती तार तापतच नाही, लाईट वाया जातच नाही म्हणं. आपल्या डीपीला ती तार कवा येणार?”

सभा हसली. आण्णा मात्र हसले नाहीत. त्या मोसमात त्यांची मोटार दोनदा जळाली होती. विहीर डीपीपासून लांब, केबल जुनी आणि ठिकठिकाणी जोडलेली. मुलगा नवी केबल घ्या म्हणत होता. आण्णांचे म्हणणे असे की, नवीन तार येणारच असेल तर आत्ता या केबलला पैसे कशाला घालायचे? म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हता, व्यवहाराचा होता.

माझे शिक्षण कृषी पदविकेचे. मी काही विजेचा इंजिनिअर नव्हे. “माहिती काढून सांगतो आण्णा,” एवढे बोलून मी उठलो. शेतकरी बंधूंनो, तीच माहिती आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. सरपंच, ग्रामसेवक आणि पाणीपुरवठा पाहणाऱ्या मंडळींनीही ती जरूर वाचावी.

आधी आपली तार

पाटाने पाणी सोडले की काही पाणी वाटेत मुरते. विजेचेही तसेच, फक्त ती मुरत नाही, तार तापवते. तांबे असो की अल्युमिनियम, प्रत्येक तार विजेला थोडा अडथळा करते. त्या अडथळ्यातून जाताना जी वीज खर्च होते तिची उष्णता होते. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तारेतला अँपिअर दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते.

म्हणून लांब न्यायची वीज जास्त व्होल्टने नेतात. व्होल्ट वाढले की तेवढ्याच कामाला अँपिअर कमी लागतात. आपल्या मोटारीला ४१५ व्होल्ट लागतात. तीच वीज ११,००० व्होल्टने नेली तर अँपिअर सव्वीस पट कमी होतात आणि त्याच तारेतले नुकसान जवळजवळ सातशेव्या हिश्शावर येते. शेजारच्या सोलापूरला तर ७६५ केव्हीची, म्हणजे ७ लाख ६५ हजार व्होल्टची लाईन आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही लाईन सुरू झाली आणि दक्षिण भारताची वीज उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडली गेली.

पण व्होल्ट कितीही वाढवले तरी नुकसान शून्य होत नाही. शून्य नुकसानीची तार ही वेगळीच चीज आहे. तिला अतिसंवाहक तार म्हणतात.

जनावरांच्या दवाखान्यातली थंडी

१९११ साली हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला. त्या थंडीत पाऱ्याचा विजेला होणारा अडथळा एकाएकी नाहीसा झाला. कमी झाला नाही, नाहीसाच झाला. पुढे शिसे, नायोबियम अशा अनेक धातूंत हा गुण सापडला. अडचण एकच. एवढी थंडी हेलियम वायूचे पाणी केल्याशिवाय मिळत नाही, आणि हेलियम फार महाग.

१९८६ साली झुरिक येथे बेडनोर्झ आणि म्यूलर यांना एक नवा पदार्थ सापडला. तो धातू नव्हता, भाजलेल्या मातीच्या भांड्याच्या जातीचा होता. १९८७ साली अमेरिकेत त्याच जातीचा असा पदार्थ मिळाला की जो उणे १८० अंशांच्या आसपासच अतिसंवाहक होतो. आता हेलियमची गरज उरली नाही, द्रवरूप नत्र पुरेसे झाले.

द्रवरूप नत्र तुम्ही पाहिलेले आहे. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवतात, झाकण काढले की ज्यातून पांढरा धूर निघतो, तेच हे नत्र. त्याचे तापमान उणे १९६ अंश. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली. तिच्यासारख्या संस्थांनी गावोगाव संकरित गाय पोचवली, तिच्यामागे हाच थंड कंटेनर आहे. आपल्या भूम-परंड्याच्या दुधाला आणि खव्याला त्याचा हातभार आहे. डॉक्टर कंटेनरला किती जपतात ते तुम्ही जाणताच. त्याच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून बाहेरची उष्णता आत जात नाही. ती पोकळी बिघडली की कंटेनरवर बाहेरून दव-बर्फ धरू लागतो, नत्र भराभर उडते आणि कांड्या वाया जातात. अतिसंवाहक तारेचे पहिले दुखणे हेच आहे. तार तापत नाही हे खरे, पण तिला अखंड थंडीत ठेवावी लागते.

फ्रान्समधला सूर्य

आता आण्णांच्या सूर्याकडे वळू. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिथे जड अणू फोडतात. सूर्यात उलटे चालते, हलके अणू एकमेकांत मिसळतात. याला केंद्रकीय संमीलन म्हणतात. पृथ्वीवर ते घडवायचे तर हायड्रोजनच्या जातीचा वायू सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. एवढा तापलेला वायू कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही. म्हणून त्याला चुंबकाचे कुंपण घालतात.

दक्षिण फ्रान्समध्ये ‘ईटर’ नावाची अशी भट्टी बांधली जात आहे. त्यात युरोप, अमेरिका, रशिया, चीन, जपान, कोरिया यांच्याबरोबर आपला भारतही आहे. त्याचा करार २१ नोव्हेंबर २००६ रोजी झाला. भारताचे काम गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था पाहते. आपल्या मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे होणाऱ्या लायगो प्रकल्पातही हीच संस्था आहे. ईटर भट्टीभोवतीचा ३,८५० टन वजनाचा पोलादी थर्मास भारताने दिला. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने तो सुरतजवळच्या हजिरा कारखान्यात तयार केला. त्याचा तळ मे २०२० मध्ये जागेवर बसवला. थंड हेलियम नेणाऱ्या नळ्यांचे मोठे जाळेही भारताच्याच वाट्याला आले.

चुंबकाचे कुंपण उभे करायला एकेका मोठ्या वेटोळ्यातून ६८,००० अँपिअर जावे लागतात. आपली ५ हॉर्सपॉवरची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते. म्हणजे नऊ हजार मोटारींचे अँपिअर एका तारेत! तांब्याची तार वापरली तर सगळी वीज तिला थंड ठेवण्यातच जाईल. म्हणून वेटोळी अतिसंवाहक आहेत आणि वेटोळ्यांपर्यंत वीज आणणारी लाईनही अतिसंवाहक आहे.

इथे आण्णांची ऐकीव माहिती दुरुस्त करायला हवी. ही लाईन सूर्याची वीज गावाकडे आणणारी नाही. ती चुंबकाला वीज पोचवणारी आहे, भट्टीच्या आवारातच सुरू होते आणि तिथेच संपते.

ही लाईन कशी रचतात?

पहिली गोष्ट दोराची. तार एकसंध नसते. सुंभाचा दोर वळतात तसे शेकडो बारीक धागे वळून ती करतात. मोठ्या वेटोळ्याच्या दोरात ९०० धागे अतिसंवाहक आणि ५२२ धागे तांब्याचे आहेत. तांबे कशाला? थंडी कुठे कमी पडली तर अतिसंवाहकाचा गुण क्षणात जातो आणि तो वीज अडवू लागतो. त्या वेळी विजेला आडवाट म्हणून तांबे असते, नाहीतर तार वितळेल. हा दोर पोलादी नळीत घालतात आणि त्याच नळीतून थंड हेलियम खेळवतात.

दुसरी गोष्ट आकसण्याची. थंडीने धातू आकसतो. उन्हाळ्यात ताणून बांधलेली तार थंडीत तुटू नये म्हणून लाईनमन झोळ ठेवतो. इथे तर पोलाद मीटरमागे सुमारे ३ मिलिमीटर आकसते. म्हणून लाईनला मधे नागमोडी वळण देतात. आकसणे ते वळण सोसते.

तिसरी गोष्ट जोराची. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना ढकलतात. आपल्या मोटारीच्या तारांत हे जाणवतही नाही. पण ६८,००० अँपिअरच्या दोन तारा वीतभर अंतरावर असल्या तर दर मीटरला चार क्विंटलांवर जोर बसतो. शिवाय जवळच्या मोठ्या चुंबकाची ओढ असते ती वेगळीच. म्हणून लाईनला पकडून ठेवणारे पोलादी आधार लागतात. ते आधारही असे हवेत की त्यांच्यातून बाहेरची उष्णता आत शिरू नये.

चौथी गोष्ट थंडीच्या खर्चाची. उणे २६९ अंशांतून १ वॅट उष्णता बाहेर काढायला प्रत्यक्षात अडीचशे वॅटच्या आसपास वीज लागते. नत्राच्या थंडीला दहा ते वीस वॅट पुरतात. म्हणून आत शिरणारा एकेक वॅट अडवणे हेच रचना करणाऱ्याचे खरे काम.

सगळ्यात अवघड जागा

हा वॅट सर्वात जास्त कुठून शिरतो? जोडातून. बाहेरून येणारी वीज पाण्याने थंड ठेवलेल्या अल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांतून येते. ती उणे २६९ अंशांच्या तारेत उतरवायची कशी? तांबे जशी वीज नेते तशी उष्णताही नेते. जाड तांबे घ्यावे तर बाहेरची उष्णता आत येते, बारीक घ्यावे तर ते स्वतःच तापते. यावर तोडगा असा निघाला की मधला तुकडा १९८६ नंतरच्या नव्या पदार्थाचा घ्यायचा. तो वीज पूर्ण नेतो, उष्णता मात्र फार कमी नेतो. ईटरमध्ये असे ६० जोड-तुकडे आहेत.

जोड नीट नसेल तर काय होते, हे जगाने २००८ साली पाहिले. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर सर्न या संस्थेचे २७ किलोमीटर घेराचे यंत्र जमिनीखाली आहे. त्यातही अतिसंवाहक लाईन आहे. १९ सप्टेंबर २००८ रोजी लाईनमध्ये ८,७०० अँपिअरच्या आसपास वीज सोडली असताना दोन चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. त्या जोडाचा अडथळा एका ओहमच्या सुमारे पन्नास लाखाव्या भागाएवढा होता. त्यातून निघालेली उष्णता दहा-पंधरा वॅट, म्हणजे देवघरातल्या छोट्या बल्बाएवढी. पण तेवढ्याने तारेची थंडी मोडली, ठिणगी पडली, हेलियमची नळी फुटली आणि सुमारे ६ टन हेलियम बाहेर पडला. ५३ चुंबक काढून वर आणावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. नंतर लांबलचक बंद घेऊन दहा हजारांवर जोड एकेक करून पक्के केले. त्यांच्या हजारो मीटर तारेला काही झाले नव्हते. दगा दिला तो एका जोडाने.

मग आपल्या डीपीला कधी?

अतिसंवाहक केबल जगात विजेच्या धंद्यातही आल्या आहेत. जर्मनीतील एसेन शहरात २०१४ साली १ किलोमीटरची केबल सुरू झाली. चीनमध्ये शांघायला २०२१ साली १.२ किलोमीटरची टाकली. या सगळ्या दाट वस्तीच्या शहरातल्या आहेत. तिथे जमिनीखाली जागा नाही आणि विजेची मागणी रात्रंदिवस आहे. केबल थंड ठेवण्याचा खर्च तर चालूच राहतो, वीज वाहो अगर न वाहो. आपल्या शिवारात मोटार दिवसाचे काही तास चालते आणि पाऊस पडला की महिनाभर बंद असते. तिच्यासाठी तार बारमाही उणे १९६ अंशांत ठेवणे म्हणजे दोन शेळ्यांसाठी पन्नास जनावरांचा गोठा बांधण्यासारखे आहे.

आणि तो सूर्य? १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना आपल्या मुंबईच्या डॉ. होमी भाभा यांनी, संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणण्याची रीत वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत केले होते. भाभांसारख्या माणसाचाही अंदाज चुकला, इतके ते काम अवघड. ईटरच्या २०२४ मधल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाचे काम २०३४ मध्ये सुरू होईल आणि खरे इंधन २०३९ मध्ये पडेल. तेही प्रयोगासाठी, ईटरमधून वीज विकायची नाहीच. हे काम वाया नाही. आपल्या नातवंडांना त्याचा उपयोग होईल. पण त्याच्या भरवशावर या हंगामाची केबल लांबणीवर टाकणे बरोबर नाही.

आपला जोड आपल्या हाती

तार न बदलता नुकसान कमी करायचे तर लघुदाबाची लाईन आखूड करावी, हा पहिला मार्ग. २०१८ पासूनच्या उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांना जवळच छोटा ट्रान्सफॉर्मर देण्याचा हेतू हाच होता. सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच वीज तयार होते, तिचीही वाट आखूड. ही कामे सरकारची आणि महावितरणची. त्यांचा पाठपुरावा ग्रामपंचायतीने करावा.

दुसरा मार्ग शेतकऱ्याच्या हातातला. तो म्हणजे जोड. केबलच्या पिळलेल्या जोडात अर्धा ओहम अडथळा धरा. साडेसात अँपिअरला तिथे २८ वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची काडी २५ वॅटची असते! मोटार सुरू होताना अँपिअर पाच-सहा पट होतात, तेव्हा उष्णता पंचवीस ते छत्तीस पट. तिथेच केबलचे कातडे वितळते. एक फेज कमजोर पडतो, उरलेल्या दोन फेजवर ओझे येते आणि मोटार जळते. आपण मात्र दोष व्होल्टेजला देतो.

म्हणून पुढील कामे हंगामाआधी करून घ्यावीत. लाईन बंद करून, माहितगार वायरमनकडूनच.

१. केबलमध्ये जोड ठेवूच नये. ठेवावाच लागला तर पिळून पट्टी गुंडाळण्याऐवजी दाबून बसवलेली स्लीव्ह वापरावी.

२. अल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला थेट पिळू नये. ओलीत दोघांच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि जोड तापतो. त्यासाठी दोन्ही धातूंचा लग मिळतो, तो वापरावा.

३. स्टार्टर, फ्यूज आणि मोटारीच्या पेटीतले स्क्रू मोसमातून दोनदा आवळावेत. काळपट झालेला लग बदलावा.

४. योग्य कपॅसिटर बसवावा. ३ हॉर्सपॉवरला १, ५ हॉर्सपॉवरला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर. त्याने लाईनमधले अँपिअर कमी होतात.

५. ऑटोस्विच काढून टाकावा. लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवर घाला येतो.

६. व्होल्टमीटर ३५० च्या खाली असेल तर मोटार चालू करू नये.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. गावातल्या प्रत्येक डीपीवर किती मोटारी, किती हॉर्सपॉवर, याची एक वही ठेवा. ज्यादा भाराची तक्रार आकड्यांसह लेखी गेली तर तिला वजन येते. पाणीपुरवठ्याच्या पंपालाही वरचे सहाही नियम लागू आहेत. डीपीला मात्र कोणी स्वतः हात घालू नये.

आण्णांच्या विहिरीवर मी नंतर वायरमनला घेऊन गेलो. केबलमध्ये सात जोड निघाले. एका जोडाची पट्टी पार कोळसा झाली होती. आण्णांनी तो तुकडा हातात घेतला, उलटापालटा पाहिला आणि मुलाला म्हणाले, “केबल आण जा. एकसंध आण, आखूड पडू देऊ नको.” अंतर मोजायला दोरी घेऊन ते स्वतःच डीपीकडे निघाले.